इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल आणि सिरिंजवरच्या रेघा: घरी स्वतः इंजेक्शन घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी स्वतःच इंजेक्शन घ्यायचं म्हटलं की पहिली भीती सुईची वाटते, पण सुईची सवय होते, थोड्या दिवसांत हात बसतो. गडबड होते ती टोचायच्या आधी, सिरिंज हातात धरून औषध कुठल्या रेघेपर्यंत ओढायचं या एका पायरीवर, आणि तिथे चुकलं तर डोस थोडाथोडका नाही, पाचपट दहापट सुद्धा चुकतो. मी लोकांना इंजेक्शन घ्यायला शिकवते त्यामुळे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र लिहिलेत. यातले आकडे हिशोब कळावा म्हणून आहेत. तुमचा डोस तुमच्या चिठ्ठीवर लिहिलाय तोच, इथलं वाचून तो बदलायचा नाही.

लेबलवर एवढं बारीक बारीक काय काय लिहिलेलं असतं, त्यातलं आधी काय बघू?

आधी औषधाचं नाव, आणि नाव म्हणजे ब्रँडचं मोठं नाव नाही, त्याच्याखाली लहान अक्षरात असतं ते औषधाचं मूळ नाव. मग स्ट्रेंथ, म्हणजे दर एमएलमध्ये किती औषध आहे. मग बाटलीत एकूण किती एमएल आहे. मग ते कुठे टोचायचं (कातडीखाली, स्नायूत की शिरेत) आणि शेवटी एक्सपायरी. बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता वगैरे रोज वाचायची गरज नाही, पण बॅच नंबरचा एक फोटो काढून ठेवा, कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर तोच लागतो.

लेबल बाटलीला गोल गुंडाळलेलं असतं हे लक्षात ठेवा. समोरून बघितलं की नाव आणि एखादा मोठा आकडा दिसतो, 'प्रति एमएल' वाला भाग कधीकधी वळणावर जातो आणि नेमका अंगठ्याखाली झाकला जातो. म्हणून बाटली बोटांत धरून पूर्ण एक फेरी फिरवायची आणि मगच झाकणाला हात लावायचा.

एमजी/एमएल म्हणजे नक्की काय?

एमजी म्हणजे औषधाचं वजन. एमएल म्हणजे ते औषध ज्या पाण्यात किंवा तेलात विरघळवलंय त्या द्रवाचं माप. एका ग्लास पाण्यात एक चमचा साखर घातली आणि दुसऱ्या ग्लासात चार चमचे घातली तर दोन्ही ग्लास दिसायला सारखेच दिसतात, पण एका घोटात साखर किती गेली हे वेगळं असतं, तसंच हे. '२५ एमजी/एमएल' म्हणजे एक एमएल ओढलं की २५ एमजी औषध आलं, अर्धा एमएल ओढलं की साडेबारा.

त्यामुळे 'माझा डोस अर्धा एमएल आहे' हे वाक्य अपुरं आहे. अर्धा एमएल कशाचं? डॉक्टर डोस ठरवतात तो बहुतेक वेळा एमजीमध्ये, एमसीजीमध्ये (मायक्रोग्रॅम) किंवा युनिटमध्ये. एमएल हा त्यातून निघालेला आकडा आहे आणि बाटली बदलली की तो बदलतो. तुमचा डोस कोणी विचारला तर तोंडावर आधी एमजी यायला हवेत, एमएल नंतर.

बाटलीवर दोन आकडे आहेत, १०,००० युनिट पण लिहिलंय आणि १००० युनिट पण. खरा कोणता?

दोन्ही खरे. एक अख्ख्या बाटलीचा, एक दर एमएलचा. हेपारिनच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) १० एमएलच्या बाटलीत दर एमएलला १००० युनिट असतील तर पूर्ण बाटलीत १०,००० झाले. गोंधळ इथेच होतो, माणूस मोठा आकडा वाचतो आणि तोच एका एमएलचा समजतो, किंवा उलट, दर एमएलचा आकडा वाचतो आणि त्याला वाटतं की पूर्ण बाटलीतच एवढं आहे म्हणजे पूर्ण बाटली एक डोस. दुसरी चूक जास्त घातक. याच कारणासाठी अमेरिकेत २०१३ पासून हेपारिनच्या लेबलवर आधी पूर्ण बाटलीतलं एकूण औषध आणि त्याखाली दर एमएलचं असं दोन्ही लिहायचा नियम आला.

हिशोबाला वापरायचा तो आकडा नेहमी 'प्रति एमएल' वाला. आणि एक बारीक गोष्ट, कधीकधी आकडा दर एका एमएलचा नसतोच. सुमाट्रिप्टानच्या इंजेक्शनवर ६ एमजी/०.५ एमएल असं लिहिलेलं असतं, म्हणजे अर्ध्या एमएलमध्येच ६ एमजी आहे, एका एमएलला १२ पडतात. एनॉक्सापारिनच्या भरलेल्या सिरिंजवर ४० एमजी/०.४ एमएल असतं, म्हणजे दर एमएल १०० एमजी. तिरप्या रेघेनंतर काय लिहिलंय ते पूर्ण वाचा, नुसतं एमएल आहे की ०.५ एमएल की १० एमएल.

डोस एमजीमध्ये लिहून दिलाय, सिरिंजवर मात्र एमएल आहे. कसं काढायचं?

डोस भागिले दर एमएलची स्ट्रेंथ. बस एवढंच, दुसरं काही सूत्र नाही.

मेथोट्रेक्सेट १५ एमजी सांगितलंय आणि बाटलीवर २५ एमजी/एमएल आहे, तर १५ भागिले २५ म्हणजे ०.६ एमएल. (मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर सांगते, सांध्यांच्या किंवा सोरायसिसच्या आजारासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच असतं, चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत, त्यामुळे वार ठरवून कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.)

उत्तर आलं की एकदा उलटं करून बघा: ०.६ गुणिले २५ बरोबर १५, जुळलं. आणि त्याहीआधी अंदाज लावा. डोस दर एमएलच्या आकड्यापेक्षा कमी आहे का? मग उत्तर एक एमएलपेक्षा कमीच यायला हवं. ६ एमएल आलं तर पॉइंट कुठेतरी सरकलाय. आणि एका डोसला तीन-चार बाटल्या फोडाव्या लागतायत असा हिशोब निघाला तर थांबा, बहुतेक वेळा चूक तुमच्या हिशोबातच असते, टोचायच्या आधी फोन करा.

हिशोब रोज रोज डोक्यात करू नका. बाटली घेतानाच फार्मासिस्टकडून करून घ्या आणि खोक्यावर पेनने लिहा, 'डोस १५ एमजी, या बाटलीतून ०.६ एमएल'. 'या बाटलीतून' हे शब्द लिहिणं मला तरी फार महत्त्वाचं वाटतं.

दर महिन्याला मी १ एमएल भरते, यावेळी बाटली जरा वेगळी दिसतेय. तेवढंच भरू ना?

नाही! आधी लेबल वाचा. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बाटली वेगळी यायची कारणं अगदी साधी असतात. दुकानात नेहमीची कंपनी संपली म्हणून दुसरी दिली, किंवा तीच कंपनी पण दुसरी स्ट्रेंथ, किंवा डॉक्टरांनी मुद्दाम बदलली कारण कमी एमएल टोचावं लागेल. टेस्टोस्टेरॉन सिपिओनेट १०० एमजी/एमएल मध्येही मिळतं आणि २०० एमजी/एमएल मध्येही. डोस १०० एमजी असेल तर पहिल्यातून १ एमएल, दुसऱ्यातून अर्धा. बाटली तेवढीच, आतलं तेल त्याच फिकट पिवळ्या रंगाचं, झाकण पण सारखंच असू शकतं, आणि सवयीने हात आपोआप त्याच रेघेपर्यंत जातो, म्हणजे सरळ दुप्पट डोस. ऑक्ट्रिओटाइडमध्ये तर फरक अजून मोठा, ५० एमसीजी/एमएल पासून १००० एमसीजी/एमएल पर्यंत वेगवेगळ्या स्ट्रेंथ आहेत, म्हणजे वीसपट.

म्हणून नवीन बाटली घरी आली की जुनी फेकायच्या आधी दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि 'प्रति एमएल'चा आकडा मोठ्याने वाचा, आधी जुनीचा मग नवीचा. आकडा वेगळा असेल तर खोक्यावर लिहिलेलं जुनं एमएल आता रद्द, नवा हिशोब. आणि घरात एकाच औषधाच्या दोन स्ट्रेंथ एकत्र ठेवू नका. जुन्या बाटलीत औषध उरलंय, वाया कशाला घालवायचं असं वाटतं मला माहितीय, पण मग ती निदान वेगळ्या डब्यात ठेवा, आणि आधी ती संपवायची की नाही ते फार्मासिस्टला विचारा.

युनिट म्हणजे किती एमएल? सगळीकडे सारखंच ना?

नाही. युनिट हे द्रवाचं माप नाहीच, औषध शरीरात किती काम करतं त्याचं माप आहे, आणि प्रत्येक औषधाचं युनिट वेगळं ठरवलेलं आहे. इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे साधारण ०.०३४७ एमजी इन्सुलिन. हेपारिनचं युनिट वेगळं, एचसीजीचं (गर्भधारणेच्या उपचारातलं हार्मोन) वेगळं, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आययू लिहिलेलं असतं ते आंतरराष्ट्रीय युनिट.

लोकांना युनिट आणि एमएल एकच वाटतात ते इन्सुलिनच्या सिरिंजमुळे, कारण त्या सिरिंजवर एमएल न लिहिता युनिटच छापलेले असतात. पण ते युनिट फक्त एका ठरावीक स्ट्रेंथच्या इन्सुलिनसाठीच खरे असतात.

यू-४० आणि यू-१०० काय भानगड आहे?

यू-४० म्हणजे दर एमएलला ४० युनिट इन्सुलिन, यू-१०० म्हणजे दर एमएलला १००. प्रत्येकाची सिरिंज वेगळी. यू-४० च्या सिरिंजला बहुतेक लाल टोपण असतं आणि यू-१०० च्या सिरिंजला नारिंगी, पण नुसत्या टोपणाच्या रंगावर जाऊ नका, सिरिंजच्या नळीवर काय छापलंय ते वाचा, टोपण तर आपण काढून बाजूला ठेवलेलं असतं.

आता चूक झाली तर काय होतं ते बघा. डोस २० युनिट आहे. बाटली यू-१०० ची आणि सिरिंज चुकून यू-४० ची घेतली आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर नळीत आलं अर्धा एमएल, आणि त्या अर्ध्या एमएलमध्ये आहेत ५० युनिट. अडीचपट! साखर धाडकन खाली येणार. उलटं केलं, म्हणजे बाटली यू-४० ची आणि सिरिंज यू-१०० ची, तर २० च्या रेघेला ०.२ एमएल येतं आणि अंगात जातात फक्त ८ युनिट, मग साखर चढत राहते, घरचे म्हणतात पथ्य पाळत नाही आणि डॉक्टर डोस वाढवून ठेवतात. हे दुसरं जास्त दिवस लक्षात येत नाही म्हणून मला त्याचीही तितकीच काळजी वाटते.

बाटलीवरचा यू आणि सिरिंजवरचा यू जुळला तरच भरायचं. चुकीची सिरिंज आहे आणि दुकान बंद आहे म्हणून स्वतः गुणाकार भागाकार करून भरू नका, फोन करून विचारा. प्रवासात सिरिंज संपली आणि दुसरीकडे घेतली की ही अदलाबदल सगळ्यात जास्त होते. यू-५०० नावाचं, दर एमएलला ५०० युनिट असलेलं इन्सुलिन पण असतं, त्याची हिरव्या टोपणाची स्वतंत्र सिरिंज येते, ते यू-१०० च्या सिरिंजमध्ये तेवढ्याच रेघेला भरलं तर पाचपट जातं.

इन्सुलिनची सिरिंज वापरून दुसरं औषध घ्यायला सांगितलंय. चालतं का?

चालतं, डॉक्टर सांगतात पण, कारण तिची सुई बारीक असते आणि छोटी मापं नीट येतात. पण मग सिरिंजवरचे युनिट म्हणजे तुमच्या औषधाचे युनिट नव्हेत, त्या फक्त रेघा आहेत. यू-१०० च्या सिरिंजमध्ये १०० ची रेघ म्हणजे १ एमएल, १० ची रेघ म्हणजे ०.१ एमएल, १ युनिटचं अंतर म्हणजे ०.०१ एमएल.

वजन कमी करायच्या सेमाग्लुटाइडमध्ये हा घोळ फार झाला. कंपनीचं पेन येतं त्यात डोस सेट केलेला असतो, पण काही फार्मसी ते स्वतः तयार करून बाटलीत भरून देतात, मग सिरिंजने ओढावं लागतं, आणि प्रत्येकाच्या बाटलीची स्ट्रेंथ वेगळी. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) यावर इशारा काढला, लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध घेतल्याच्या तक्रारी आल्या होत्या, काहींना उलट्या थांबेनात म्हणून दवाखान्यात भरती व्हावं लागलं. बघा ना, डोस ०.२५ एमजी. बाटली ५ एमजी/एमएल असेल तर ०.०५ एमएल, म्हणजे सिरिंजवर ५ ची रेघ. २.५ एमजी/एमएल असेल तर १० ची रेघ. १ एमजी/एमएल असेल तर २५ ची. तिघी मैत्रिणींचा डोस एकच आणि रेघ तीन वेगळ्या, त्यामुळे 'तू किती भरतेस गं' हे एकमेकींना विचारून भरणं एकदम बंद करा. आणि डॉक्टर किंवा फार्मसी नुसतं '५ युनिट घ्या' म्हणाले तर विचारा, म्हणजे किती एमजी आणि किती एमएल? तिन्ही आकडे लिहून घ्या.

एमसीजी आणि एमजी एकच का?

छे, हजारपट फरक. १००० एमसीजी म्हणजे १ एमजी. बी-१२ च्या इंजेक्शनवर १००० एमसीजी/एमएल लिहिलेलं असतं, ते १ एमजी/एमएलच आहे. चिठ्ठीवर एक माप आणि बाटलीवर दुसरं असेल तर आधी दोन्ही एकाच मापात आणा, मग भागाकार.

टक्के लिहिलेत किंवा १:१००० असं लिहिलंय, ते कसं वाचायचं?

१ टक्का म्हणजे १० एमजी/एमएल, २ टक्के म्हणजे २० एमजी/एमएल. १:१००० म्हणजे १ एमजी/एमएल, १:१०,००० म्हणजे ०.१ एमजी/एमएल. अॅड्रेनालिनवर पूर्वी असं लिहायचे आणि शून्य मोजताना लोक चुकायचे, शून्य जास्त म्हणजे औषध पातळ हे घाईत उलटं वाटतं. तुम्हाला असं लेबल दिसलं तर फार्मासिस्टकडून एमजी/एमएल करून घ्या, स्वतः शून्य मोजत बसू नका.

पावडरची बाटली आहे, पाणी घालून तयार करायची. त्यावर एमजी/एमएल नाहीच!

कारण ते तुम्ही किती पाणी घालता त्यावर ठरणार. एचसीजीची ५००० आययूची पावडर, त्यात १ एमएल पाणी घातलं तर ५००० आययू/एमएल, ५ एमएल घातलं तर १००० आययू/एमएल. औषध तेवढंच, फक्त पातळ झालं. म्हणून पाणी किती घालायचं हे चिठ्ठीत किंवा खोक्यातल्या कागदात लिहिलंय तेवढंच घालायचं, आणि तयार झाल्यावर बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख, वेळ आणि तयार झालेली स्ट्रेंथ लिहायची. उद्या सकाळी अर्धवट झोपेत तुम्हालाच आठवणार नाही.

काही औषधांत पावडर स्वतःच थोडी जागा घेते, त्यामुळे २ एमएल पाणी घालून तयार औषध दोनपेक्षा थोडं जास्त भरतं. अशा वेळी कागदावर 'तयार झाल्यावर इतके एमजी/एमएल' असं दिलेलं असतं, तोच आकडा धरा. गर्भधारणेच्या उपचारात तर एकाच एक एमएल पाण्यात दोन-तीन बाटल्यांची पावडर एकामागून एक विरघळवायला सांगतात, ७५ युनिटच्या तीन बाटल्या झाल्या की त्या एका एमएलमध्ये २२५ युनिट, एकदाच टोचायचं. नर्सने दाखवलं तेव्हा सोपं वाटतं, घरी आल्यावर विसरायला होतं, व्हिडिओ काढू का असं विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

पाणी कुठलं हेही महत्त्वाचं. सोबत आलेलंच वापरा. नुसतं निर्जंतुक पाणी वेगळं आणि बॅक्टेरिओस्टॅटिक पाणी वेगळं, या दुसऱ्यात जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाइल अल्कोहोल घातलेलं असतं. नळाचं, उकळलेलं, बाटलीतलं पिण्याचं पाणी कधीच नाही. पाणी बाटलीच्या काचेवरून हळू सोडा आणि बाटली गोल गोल फिरवा, हलवून फेस काढू नका.

सिंगल डोस लिहिलंय पण औषध तर उरतंय, पुढच्या वेळी वापरू का?

नाही. सिंगल डोस बाटलीत जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह बहुधा नसतंच, एकदा सुई आत गेली की उरलेलं टाकून द्यायचं. महाग औषध टाकताना जीव तुटतो, खरंय, तरी टाका.

मल्टी डोस बाटली पुन्हा पुन्हा वापरायची असते. ती उघडल्यापासून साधारण २८ दिवस, कंपनीने वेगळं लिहिलं असेल तर तसं. इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या २८ दिवस, काही ४२ पर्यंत चालतात. मोजायचं ते पहिल्यांदा टोचल्याच्या तारखेपासून, म्हणून त्या दिवशी लेबलवर तारीख टाका. दर वेळी रबराचं झाकण स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या.

लेबलवर १ एमएल आहे पण बाटलीत जास्त निघालं!

मुद्दाम थोडं जास्त भरतात, कारण शेवटचे थेंब बाटलीला आणि सुईला चिकटून राहतात. जास्त निघालं म्हणून जास्त घ्यायचं नाही, आणि दोन-तीन बाटल्यांमधलं उरलेलं एकत्र करून एक डोस बनवायचा नाही.

सिरिंजमध्ये नेमकी कुठली रेघ बघायची?

दट्ट्याचं काळं रबर असतं ना, त्याचा सुईकडचा जो भाग नळीला गोल चिकटलेला असतो ती कड रेघेवर आली पाहिजे. काही रबरांना मध्ये टोक असतं, टोक नाही बघायचं. मागची कड पण नाही. सिरिंज डोळ्याच्या रेषेत धरा, वरून वाकून बघितलं तर रेघ सरकल्यासारखी दिसते.

दोन आकड्यांच्या मध्ये किती रेघा आहेत ते आधी मोजा. १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर बहुतेक एक रेघ म्हणजे २ युनिट, ५० युनिटच्यावर एक रेघ म्हणजे १ युनिट, ३० युनिटच्या काहींवर अर्धं युनिट. ३ एमएलच्या सिरिंजवर एक रेघ ०.१ एमएल असते, १ एमएलच्यावर ०.०१. तुमचा डोस ०.०५ एमएल असेल तर ३ एमएलची सिरिंज घेऊन तो भरताच येणार नाही, लहान सिरिंज मागा. 'अर्ध्या सिरिंजपर्यंत भर' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सिरिंज कुठली ते कुणालाच माहीत नसतं.

बुडबुडे आले तर टिचकी मारून वर आणा आणि परत बाटलीत ढकला, बुडबुड्याच्या जागेएवढं औषध कमी जातं. अपवाद म्हणजे एनॉक्सापारिनची आधीच भरलेली सिरिंज, पूर्ण डोस घ्यायचा असेल तर त्यातला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, तो तिथे हवाच असतो.

पेनमधलं औषध सिरिंजने काढलं तर?

नको. काही पेनमधलं इन्सुलिन यू-२०० किंवा यू-३०० असतं, ते यू-१०० च्या सिरिंजमध्ये ओढलं की दुप्पट तिप्पट डोस होतो. पेन बिघडलं तर नवीन पेन घ्या.

चिठ्ठीवरचं अक्षर वाचताना काय जपू?

पॉइंट आणि शून्य. '५.०' मधला पॉइंट पुसट असला की ते ५० होतं. '.५' आधी शून्य नसेल तर ५ वाचलं जातं. युनिटऐवजी इंग्रजी 'यू' एवढंच अक्षर घाईत लिहिलं की शून्यासारखं दिसतं, ४ युनिटचे ४० झालेले आहेत. शंका आली तर डॉक्टरांना फोन करून आकडा त्यांच्या तोंडून वदवून घ्या, तुम्ही आकडा सांगून 'बरोबर ना' विचारू नका, समोरचा घाईत हो म्हणून जातो. फोनवर 'पॉइंट पाच' ऐकलं तर 'म्हणजे अर्धा ना' असं नक्की विचारा.

एससी, आयएम, आयव्ही?

कातडीखाली, स्नायूत, शिरेत, याच क्रमाने. लेबलवर फक्त शिरेत द्यायचं असं लिहिलेलं औषध घरी टोचायला दिलं असेल तर काहीतरी चुकलंय, परत विचारा.

एक्सपायरीच्या महिन्यात औषध चालतं का? आणि गढूळ दिसलं तर?

नुसता महिना आणि वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, पण बाटली उघडली असेल तर आधी सांगितलेले दिवस लागू, जे आधी संपेल ते.

फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणजे २ ते ८ डिग्री, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्या. रंगाचं म्हणाल तर एनपीएच इन्सुलिन मुळातच दुधट असतं, ते तळहातांत हलकेच फिरवून एकसारखं करायचं, पण जे इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं ते गढूळ झालं, तंतू किंवा कण दिसले तर वापरू नका.

चुकून जास्त टोचलं गेलं. आता काय?

घाबरून बसू नका आणि 'बघू काही होतंय का' असंही करू नका. बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घ्या आणि डॉक्टरांना किंवा आपत्कालीन नंबरला लगेच फोन करा. त्यांना सांगायचं: औषधाचं नाव, प्रति एमएल किती, सिरिंज कुठली, कुठल्या रेघेपर्यंत भरलं, किती वाजता टोचलं. एवढ्यावरून ते खरा डोस काढू शकतात. सिरिंज फेकली असेल तर डब्यात हात घालू नका, पाकीट शोधा, त्यावर माप असतं.

इन्सुलिन जास्त गेलं असेल तर फोन करता करताच साखर तपासा. ७० च्या खाली असेल किंवा घाम, थरथर, धडधड सुरू झाली असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा, लागलं तर परत घ्या. एकटे असाल तर कोणाला तरी बोलवा आणि झोपू नका, लांब वेळ काम करणारं इन्सुलिन असेल तर साखर काही तासांनी पुन्हा खाली जाते, त्यामुळे एकदा बरं वाटलं म्हणून दवाखान्यात जायचं टाळू नका. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, घरात ग्लुकागॉन (साखर वाढवणारं औषध) असेल आणि शिकवलं असेल तर ते द्या आणि अॅम्ब्युलन्स बोलवा.

कमी टोचलं गेलं असं वाटलं तर मात्र स्वतःहून वरून अजून टोचू नका, आधी विचारा.

अक्षर इतकं बारीक आहे की वाचताच येत नाही.

मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा, बाटली थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो. आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा, पण तुम्हाला काय दिसलं ते आधी सांगू नका, त्यांनी स्वतः वाचून आकडा सांगायचा, मग दोघांचा जुळतो का बघायचं. फार्मासिस्ट मोठ्या अक्षरातलं लेबल छापून देऊ शकतो, मागितलं तर देतात, संकोच करू नका.